होडी कपाटावर ठेवायची नसते

तर मंडळी, आज मी भांडायला बसले आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनी नंतर फोन करून "अक्का, रागावलीस का गं?" असं विचारायला नको. हो, रागावले आहे. निमित्त आहे एका तीन फुटी होडीचं.

२०२३ चा उन्हाळा मी लेकीकडे, इंग्लंडात पोर्ट्समथला काढला. शेजारी ऐंशी ओलांडलेल्या एक बाई एकट्याच राहतात. माझं इंग्रजी मराठी माध्यमातलं, त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे आमचं छान जमलं. एक दिवस त्यांनी पोटमाळा आवरायला काढला आणि कुंपणावरून माझ्या नातवाला हाक मारली. जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबडं त्याच्या हातात दिलं. आत होडी! शर्यतीची, शिडाची. बाईंच्या वडिलांनी १९४९ साली, कामावरून आल्यावर रोज संध्याकाळी बसून घरी बनवलेली. बाईंनी अट एकच घातली. पाण्यात सोडायची.

ती अट मी ऐकली, नातवाने ऐकली. घरातल्या मोठ्यांनी मात्र ती ऐकून सोडून दिली आणि तिथून भांडणाला सुरुवात झाली.

आधी होडीबद्दल सांगते, कारण हे प्रकरण आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नाही. इंग्लंडात तळ्यांवर अशा होड्यांच्या शर्यती एकोणिसाव्या शतकापासून चालत आल्या आहेत. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समधलं गोल तळं त्यासाठी प्रसिद्ध. होड्यांचे वर्ग असतात आणि प्रत्येक वर्गाचा नियम वेगळा. आमची होडी ज्या वर्गातली, त्याचा नियम मला फार आवडला. ३६ इंच लांब, ९ इंच रुंद आणि ११ इंच खोल अशा पेटीत होडी मावली पाहिजे आणि वजन १२ पौंडांच्या, म्हणजे साधारण साडेपाच किलोंच्या वर जाता कामा नये. बस्स! बाकी तुमचं डोकं चालवा. घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर होडी बनवणाऱ्या साध्या माणसालाही झेपेल असा नियम.

बनवायची रीतही गमतीची. फळ्यांचा मधला भाग कापून काढायचा, त्या एकावर एक चिकटवायच्या आणि मग बाहेरून तासून होडीचा आकार आणायचा. इंग्रज याला 'ब्रेड अँड बटर' म्हणतात. थालीपिठांची चळत समजा. खाली शिशाचा जड कणा. होडीचं निम्म्याहून जास्त वजन त्या कण्यातच असतं, म्हणून तर वाऱ्याने कलली तरी ती उलटत नाही.

आणि सुकाणू! तेव्हा रिमोट नव्हता. होडी एकदा सोडली की सोडली. तिने स्वतःच सरळ जायचं. त्यासाठी जॉर्ज ब्रेन नावाच्या इंग्रजाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक युक्ती काढली, ती 'ब्रेन गिअर' म्हणून ओळखली जाते. मागून वारा घेऊन जाताना शिडाची दोरी थेट सुकाणूवरच्या पट्टीला बांधायची. वाऱ्याचा झोत आला की होडी वळायला बघते, पण त्याच झोताने शीड दोरी ओढतं आणि दोरी सुकाणूला उलट दिशेला वळवते. झोत ओसरला की रबर सुकाणूला परत मध्यावर आणतं. बॅटरी नाही, काही नाही. चुकवणारा वाराच चूक दुरुस्त करतो. मी निम्मं आयुष्य वर्गात काढलं, पण एवढा शहाणा विद्यार्थी पाहिला नाही.

असो. आता भांडण.

जावईबापूंनी त्याच रात्री इंटरनेटवर किमती पाहिल्या. म्हणाले, "आई, हिला हात लावू नका. जशी आहे तशी ठेवली तर पुढेमागे चांगले पैसे येतील. पुस्तकांच्या कपाटावर ठेवू." लेकीचं मत वेगळं. तिला होडी घासूनपुसून, चकचकीत पांढरी करून दिवाणखान्यात ठेवायची होती. पडदे निळे आहेत ना! पुण्याचा माझा धाकटा भाऊ इंजिनिअर. त्याने फोनवरच निकाल दिला, "अक्का, वरची फळी काप, आत रिमोटची यंत्रणा बसव, पोरगा खेळेल तरी." आणि तिघांचं एका गोष्टीवर एकमत, की म्हातारीला यातलं काय कळतं!

म्हातारीला काय कळतं ते सांगते.

माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठी. पावसाळ्यात होड्या वर ओढून झावळ्यांखाली शाकारून ठेवायचे, हे मी लहानपणापासून पाहिलं. पण नारळी पौर्णिमा झाली की त्या पाण्यात गेल्याच पाहिजेत. ज्याची होडी दोन वर्षं वर राहिली त्याच्या घरी काहीतरी वाईट घडलंय, असंच गाव समजायचं. फळ्या सुकायच्या, सांधे उघडायचे, आतून उजेड दिसायचा. होडीला पाण्याने जेवढा धोका, त्याहून जास्त कोरड्या जागेने.

आमच्या या छोट्या होडीचं नेमकं तेच झालेलं. वर्षानुवर्षं पोटमाळ्याच्या उन्हाळ्या-हिवाळ्यात सुकून दोन थरांमधला सांधा वीतभर उघडला होता. कणा धरून ठेवणाऱ्या दोन स्क्रूंपैकी एक हिरवा पडून भुगा झालेला. म्हणजे जावईबापूंच्या 'जशी आहे तशी' या अवस्थेत ती दर वर्षी थोडी थोडी मरत होती. कपाटावर ठेवली असती तर तो स्क्रू कोणाला दिसलाच नसता. आम्हाला दिसला, कारण पाण्यात सोडायची म्हणून आम्ही तिला उलटीपालटी करून तपासलं.

कोणाला वाटेल की माझ्या गावच्या गोष्टी मी साहेबाला शिकवते आहे. तर मग साहेबाचीच गोष्ट ऐका, आणि ती आपल्या मुंबईची पण आहे. 'सुहेली' नावाची ३२ फुटी शिडाची होडी मुंबईत सागाच्या लाकडात बांधली गेली आणि १९६४ साली पाण्यात उतरली. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ ला फॅल्मथहून एकटे निघाले आणि कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ ला परत आले. हे करणारे ते जगातले पहिले. वाटेत ऑस्ट्रेलियाच्या आसपास होडी आपोआप सरळ चालवणारी यंत्रणा मोडली. पुढचा अर्ध्या जगाचा प्रवास सुहेलीने मुख्यतः शिडं नीट जुळवून, स्वतःच्या तोलावर केला. आमच्या तीन फुटी होडीचं तत्त्व तेच!

पुढे १९९७ मध्ये या सुहेलीला ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात मानाने ठेवलं. केवढा सन्मान! पण तिथल्या नियंत्रित कोरड्या हवेने तिच्या फळ्या आकसायला लागल्या. ज्या होडीला दक्षिण महासागर बुडवू शकला नाही तिला सन्मान मारायला निघाला. नॉक्स-जॉन्स्टननी २००२ साली तिला तिथून बाहेर काढलं, दुरुस्तीला घेतलं आणि २०१६ मध्ये ती पुन्हा पाण्यात गेली. जावईबापू, हे मी तुम्हाला जेवताना सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही फोन बघत होतात.

संग्रहालयं नकोतच असं माझं म्हणणं नाही. पोर्ट्समथलाच 'मेरी रोझ' आहे. १५४५ साली बुडालेलं आणि १९८२ साली समुद्रातून वर काढलेलं लढाऊ जहाज. त्याचं लाकूड टिकावं म्हणून वर्षानुवर्षं त्याच्यावर आधी पाण्याचे आणि मग रसायनाचे फवारे मारले. ते जहाज आता पाण्यात सोडा असं वेडादेखील म्हणणार नाही. जे एकुलतं एक आहे, मोडकं आहे आणि ज्याच्याकडून आता काम होणार नाही, ते जपावंच. पण ज्या वस्तूला आठ दिवसांच्या दुरुस्तीने पुन्हा तिचं काम करता येईल, तिला 'जपणं' म्हणजे काय? धडधाकट माणसाला खाटेवर झोपवून पांघरूण घालण्यासारखंच की!

आता लेकीचा मुद्दा. चकचकीत करण्याचा. हा मला जावयाच्या मुद्द्यापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो, कारण यात प्रेम आहे. सगळा जुना रंग खरवडायचा, वरून जाड रेझिनचा थर द्यायचा, पितळेला सोन्यासारखी झळाळी आणायची. दिसते छान. पण मंडळी, वजन? १२ पौंडांचा हिशेब घालून ज्या माणसाने प्रत्येक फळी पातळ केली, त्याच्या होडीवर पाव किलो रेझिन ओतलं की ती पाण्यात खाली बसते आणि वर्गाच्या नियमातूनही जाते. मग ती उरते दुकानात शोभेसाठी मिळतात तशी. त्या शोभेच्या होड्या मी पाहिल्या आहेत. शिडं छान, दोऱ्या छान, पण खालचा कणा नुसता लाकडाचा. पाण्यात ठेवली की आडवी! खरी होडी आणि शोभेची होडी यांत फरक काय, तर शिसं. आणि ते शोकेसमध्ये ठेवून कळत नाही.

आम्ही काय केलं ते सांगते. गोस्पोर्टच्या तळ्यावरचे एक जुने जाणते गृहस्थ भेटले, त्यांनी शिकवलं. काम सुरू करण्याआधी प्रत्येक भागाचे फोटो काढले, मापं वहीत लिहिली. (शाळामास्तरीण आहे मी, वही लागतेच.) जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून तो कोरडा घासायचा नाही. पाण्याचा पॉलिशपेपर, तोंडाला मास्क, आणि त्या वेळी नातवाला बागेत पिटाळायचं. जिथे रंग धरून होता तिथे तो तसाच ठेवला. उघडलेल्या सांध्यातला जुना सरस खरवडून काढला आणि फटीत तशाच लाकडाच्या पातळ चिपा बसवून चिकटवल्या. दोन्ही स्क्रू नवे घातले, जुना भुगा डबीत ठेवला. पितळ नुसतं पुसलं. सुती शिडं सौम्य साबणात भिजवून सावलीत वाळवली. त्यांच्यावरचे गंजाचे डाग गेले नाहीत, राहू दिले. कापड विरलं होतं, म्हणून त्यांच्यावर बेतून नवी शिडं शिवली. ती मी शिवली. फॉल-पिको करणाऱ्या हाताला ते अवघड नाही, फक्त कापड तिरकं ओढलं जाऊ नये एवढं बघावं लागतं. जुनी शिडं गुंडाळून ठेवली आहेत. बघा, जपण्यासारखं होतं ते जपलंच की!

मग लेकीच्या बाथटबमध्ये पाणी भरून होडी त्यात ठेवली. आत टिपकागद. पहिल्या दिवशी मागच्या बाजूला कागद ओला, दुसऱ्या दिवशी थोडा ओला, पुन्हा दुरुस्ती, पाचव्या दिवशी कोरडा. त्या आठवड्यात घरातल्या सगळ्यांनी बादलीने आंघोळ केली. मला सवय आहे, बाकीच्यांनी कुरकुर केली.

राहिला भावाचा रिमोट. या बाबतीत मी थोडी नरम आहे. तिकडे पुष्कळ जुन्या होड्या आता रिमोटवर चालतात. कपाटावर राहण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं. वरची फळी न कापता, पुन्हा काढून घेता येईल अशी यंत्रणा बसवली तर माझी हरकत नाही. पण आमच्या होडीवर तिची मूळ ब्रेन गिअरची पट्टी शाबूत होती. ती काढून मोटर बसवायची म्हणजे, अरे इंजिनिअरा, त्या १९४९ च्या माणसाचं डोकं काढून टाकायचं! आणि नातवाला बटणं दाबायला दिवसभर आहेतच. इथे त्याला आधी गवत वर उडवून वारा बघावा लागतो, शिडं जुळवावी लागतात, दोरी किती सोडायची ते ठरवावं लागतं, आणि मग हात काढून घ्यावा लागतो. पुढे जे होईल ते काठावरून नुसतं बघायचं. दहावीची मुलं परीक्षेला आत गेली की आम्ही शिक्षक बाहेर उभे राहायचो, ते आठवलं.

आता त्या दिवसाबद्दल. पोर्ट्समथहून गोस्पोर्टला फेरीबोटीने पाचेक मिनिटं लागतात. जावयांनी होडी कडेवर घेतली (हो, त्यांनीच), शेजारच्या बाईंना आम्ही चाकाच्या खुर्चीतून नेलं. वॉल्पोल पार्कमधलं तळं तिथून जवळच आहे. वाऱ्यावर चालून जायची फेरी आधी. नातवाने होडी सोडली. ती कलली, थरथरली आणि निघाली. कोणी हात लावत नाही, आणि ती जाते आहे! काठाशी आली की शर्यतीतला जोडीदार लांब काठीने तिला वळवून परत सोडतो, तशी एक काठी आम्ही आणली होती. पण ते काही आम्हाला जमेना. तेवढ्यात बाईंनी खुर्चीतूनच हात पुढे केला. काठी घेतली, होडी काठाला टेकायच्या आत तिच्या अंगाला हलकेच लावली, शीड पलीकडे पडलं आणि होडी सुटली. सगळं अर्ध्या क्षणात!

मग कळलं, की लहानपणी वडील होडी सोडायचे आणि या काठी घेऊन काठाने धावायच्या. आम्हाला त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्या फेरीला होडी सारखी वाऱ्याकडे तोंड वळवायला लागली तर त्या नातवाला म्हणाल्या, "मागचं शीड बोटभर सैल सोड. ही पहिल्यापासून अशीच हट्टी आहे." सोडलं. होडी सरळ!

मंडळी, माझा सगळा वाद इथे आहे. होडीचा हा हट्ट कपाटावर दिसला असता का? त्या बाईंच्या हातातलं ते कसब निळ्या पडद्यांपुढे बाहेर आलं असतं? वस्तू जपली म्हणता तेव्हा तिचं नेमकं काय जपता? लाकूड? मग ते माणसाचं शिकलेलं, तळ्याकाठी धावून अंगात मुरलेलं, ते कोण जपणार?

तिसऱ्या फेरीत होडी सिमेंटच्या काठाला घासली आणि डाव्या अंगाला बोटभर ओरखडा आला. जावईबापूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की बघा, मी सांगत होतो! मी म्हटलं, असू दे. तिच्या अंगावर असे जुने ओरखडे अकरा आहेत, मी मोजून वहीत लिहिले आहेत. हा बारावा, आणि हा नातवाचा.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा होडीसाठी अक्का एवढी का चिडते. तर शेवटी माझाच गुन्हा कबूल करते. नोकरीत बरीच वर्षं शाळेचं ग्रंथालय माझ्याकडे होतं. चार कपाटं, किल्ल्या माझ्या कमरेला. चांगली पुस्तकं मी मुलांना देत नसे. फाटतील, डाग पडतील, हरवतील. तपासणीला साहेब आले की कपाट उघडून दाखवायचं, कोरी करकरीत पुस्तकं. साहेब खूश, मी खूश. एका पावसाळ्यानंतर भिंतीकडचं कपाट उघडलं तर पुठ्ठे उभे आणि आत माती. वाळवी. एक मुलगा होता, शिंप्याचा, सारखा मागायला यायचा एक पुस्तक. त्याला मी तीनदा परत पाठवलं होतं. त्याने फाडलं असतं तर निदान वाचून फाडलं असतं.

तेव्हापासून 'जपून ठेवलंय' हा शब्द ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो.

होडी आता मुलीच्या घरी जिन्याखाली, हवेशीर जागी असते. कपाटावर नाही. हवा बरी असली की नातू आणि जावई (हो, तेच!) तिला घेऊन गोस्पोर्टला जातात. दर वसंतात वॉर्निशचा हात, स्क्रूंची तपासणी आणि बाथटबची परीक्षा, असं वहीत लिहून ठेवलं आहे. भाऊ अजून रिमोटचंच म्हणतो आहे, म्हणू दे.

तुमच्या माळ्यावर काय काय आहे ते एकदा बघा. सतार असेल, शिवणयंत्र असेल, आजोबांचा रंधा असेल. दुरुस्त होण्यासारखं असेल तर दुरुस्त करा आणि वापरा. ओरखडे येतील, येऊ द्यात. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी भांडायला घरी यावं. चहा ठेवते. आणि हो, कप चांगल्या सेटमधले काढीन. ते वापरायला काढून आता खूप वर्षं झाली, त्यातले दोन फुटलेतसुद्धा.